पाऊस न बघितलेला चिरा

कासमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जाकादेवीच्या नाक्यावर एका डंपरवाल्याशी भांडत होतो. आदल्या दिवशी ठरलेला शब्द त्यानं सकाळी फिरवला होता आणि मी त्याला गाडीतून खाली उतरवून चार माणसांसमोर फैलावर घेत होतो. फोन कासमभाईंच्या मुलीचा, शाहीनचा होता. "चाचा, अब्बा गेले. पहाटेच. दुपारची नमाज झाली की नेतील," एवढंच ती बोलली. मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि भांडण पुरं केलं. दहा मिनिटं लागली असतील. डंपरवाला नमला. मग मी गाडी जयगडच्या रस्त्याला घातली, आणि धक्क्यावर पोचलो तेव्हा पलीकडे जाणारी फेरीबोट नुकतीच सुटली होती, तिच्या फळीवरचा माणूस मला दिसत होता इतकी जवळ. पुढची बोट बऱ्याच वेळानं मिळाली. दाभोळची खाडी ओलांडून, दापोली मागे टाकून केळशीत शिरलो तर कबरस्तानाकडून माणसं परत येत होती, डोक्यावरच्या टोप्या काढून खिशात घालत. त्यांतल्या एकानं मला ओळखलं. "उशीर केलात, शेट," तो म्हणाला.

कासमभाईंबद्दल माझी एक तक्रार आहे. आठ वर्षांहून जास्त काळ मी ती जपली आणि ते गेले म्हणून ती मिटलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्याकडून रडण्याची अपेक्षा धरणार नाही. तक्रार अशी, की त्यांनी माझा एक मोठा सौदा गिऱ्हाईकासमोर मोडला. जे बोलायचं ते मला बाजूला घेऊन बोलता आलं असतं. त्यांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं. ते खोटं बोलले असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं जागेबद्दल आहे.

माझ्या दोन चिरेखाणी आहेत. एक रत्नागिरीजवळ, दुसरी दापोलीच्या अलीकडच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर. चिरा म्हणजे आमचा तांबडा जांभा दगड, ज्याच्या घरांचे फोटो तुम्ही कोकणात आल्यावर काढून नेता. दापोलीकडच्या खाणीवर कासमभाई माझे मुकादम होते. पण आमची ओळख त्याच्या फार आधीची. मी लांज्याकडच्या एका वाडीतला. एकोणिसाव्या वर्षी घरातून निघालो आणि केळशीच्या वरच्या सड्यावर बॉक्साइटची खाण होती तिथं ट्रक भरायला लागलो. माझ्या वयाची वाडीतली बाकी सगळी मुंबईला गेली. मला कोणी नेलं नाही म्हणून मी दापोलीकडं गेलो. कासमभाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, केळशीचेच. त्यांचे भाऊ बोटींवर होते, चुलते आखातात होते, त्यांना मात्र पाणी सोसत नसे. खाणीत त्यांचं काम माल निवडण्याचं. आखूड दांड्याची एक हातोडी कायम त्यांच्या हातात. ढेकूळ उचलायचं, एक टोला मारायचा, कान लावायचा आणि ट्रकात की बाजूला ते सांगायचं.

पहिल्याच दिवशी मी जोर दाखवायला म्हणून दुपारपर्यंत तीन ट्रक भरले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"किती भरलेस?"

"तीन."

त्यांनी शेवटच्या ट्रकातले दोन-चार दगड ठोकून पाहिले. "तीन नाय. दोन ट्रक बॉक्साइट भरलास नि एक ट्रक सडा. तो खाली कर."

"अडीच धरा," मी म्हणालो.

ते हातोडी खाली ठेवून हसायलाच लागले. सगळ्यांना हाक मारून सांगितलं, "ह्या गंग्याला बघा रे. धोंड्यावर पण घासाघीस करतो मेला!" माझं नाव गंगाराम. त्या दिवसापासून खाणीवर मी गंग्या झालो. ट्रक मी खाली केला आणि परत भरला. रागानं माझे कान तापले होते ते आठवतं, पण तो राग त्यांच्यावर टिकला नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या डब्यातली तांदळाची अर्धी भाकरी आणि सुकट माझ्यापुढे सरकवली.

सुटीच्या दिवशी आम्ही एसटीनं कॅम्पात जायचो. दापोलीला आमच्याकडची जुनी माणसं अजून कॅम्पच म्हणतात. इंग्रजांनी तिथली हवा बघून पलटणीतली माणसं आणून ठेवली, बंगले बांधले, चर्च बांधलं, कवायतीला मैदान सोडलं. पुढं ते गेले. सुरूची झाडं राहिली, नाव राहिलं. समुद्र फार लांब नाही, तरी वर आलं की अंगाला गार वारा लागतो आणि खाणीच्या धुळीनं भरलेलं नाक मोकळं होतं. आमच्यासारखी खाणीवरची माणसं तिथं बाजाराला यायची, बेकरीतली खारी बांधून घ्यायची, केस कापून घ्यायची. कासमभाईंचा कॅम्पात जाण्याचा हेतू मात्र वेगळा. ते त्या जुन्या बंगल्यांच्या भिंती ठोकत फिरायचे. हातोडी सोबत असायचीच, पण भिंतीला ती लावत नसत, तिथं बोटाची पेरं वापरायचे. एका बंद बंगल्याच्या कंपाउंडपाशी आम्ही असेच वाकलो होतो तेव्हा आतून राखणदार ओरडला, "ए, काय चोरायचं आहे?"

"दगड," कासमभाई म्हणाले. "पण निघत नाय."

राखणदारालाही हसू आलं. त्यानं आम्हाला आत घेतलं. त्या बंगल्याच्या जोत्याला हात लावून त्यांनी मला पहिल्यांदा ती गोष्ट समजावली, जिच्यावर पुढं माझं पोट चाललं. जांभा जमिनीतून काढला तेव्हा ओला आणि नरम असतो, गुळाच्या ढेपेसारखा कापता येतो. वारा लागला, ऊन लागलं, एक पावसाळा अंगावरून गेला की तो घट्ट होतो. जो दगड कच्चा असेल तो पहिल्या पावसातच कळतो, कोपरे सोडतो, पूड होतो. म्हणून पूर्वीचे गवंडी चिरा काढला की रचून ठेवायचे आणि पाऊस दाखवायचे. पाऊस बघितलेला दगडच भिंतीत घालायचे. "ह्यांनी पाऊस बघितलाय," कासमभाई जोत्यावर पेरं आपटत म्हणाले. "ऐक." मी ऐकलं. खरं सांगायचं तर मला दगड ठोकल्याचाच आवाज आला. "येईल," ते म्हणाले. "कान मोकळे ठेव. बोलणं कमी कर."

खाण बंद पडली. माणसं पांगली. मी रत्नागिरीला येऊन दुसऱ्याच्या चिरेखाणीवर राबलो, मग एक जुनं मशीन भाड्यानं घेतलं, मग एक कातळाचा तुकडा. यात कोणी हात दिला नाही हे मी अनेकदा सांगतो आणि ते खरं आहे. एकच हात होता. दापोलीकडची खाण घेतली तेव्हा मी केळशीला जाऊन कासमभाईंना घेऊन आलो. ते तेव्हा वाडीत नारळ-सुपारी बघत घरी बसले होते. त्यांनी आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे निघालेला चिरा रचून ठेवायला जागा मागितली. चांगल्यातली जागा. मी कुरकुरलो, मग दिली. पाऊस बघून पास झालेल्या दगडावर ते कोळशानं एक तिरकी रेघ ओढायचे. दापोली, खेड, मंडणगडकडचे गवंडी ती रेघ ओळखायला लागले. "रेघेचा माल आहे का?" असा फोन यायचा. मी रेघेचा भाव वेगळा लावला. आजही त्यात मला काही गैर वाटत नाही. कामगारांसमोर ते मला शेट म्हणायचे. दोघंच असलो की गंग्या. मी त्यांना कायम कासमभाई आणि तुम्ही. हा रिवाज आम्ही कधी ठरवला नव्हता, पण पंधरा-सोळा वर्षं तो मोडला नाही.

आता सौद्याचं सांगतो. पुण्याच्या एका डॉक्टरांनी कॅम्पातला एक जुना बंगला घेतला. त्यांना तो होता तसा उभा करायचा होता, कंपाउंडसकट, आणि त्यांच्यामागे त्यांच्या ओळखीचे आणखी पाच जण आजूबाजूला जागा घेऊन थांबले होते. सगळ्यांना तोच चिरा हवा. मी आयुष्यात एवढी मोठी ऑर्डर पाहिली नव्हती. तीन वेळा त्यांना भेटलो. माणूस गोड बोलणारा, पण भावात चिवट. माझ्या तोडीचा. तिसऱ्या भेटीत आम्ही एका आकड्यावर येऊन ठेपलो. अट एकच, काम पावसाआधी सुरू व्हायला हवं. माझ्याकडं रेघेचा माल तेवढा नव्हता. त्या हंगामात काढलेला ताजा माल होता, दिसायला देखणा, गडद, एकाही चिऱ्याचा कोपरा उडालेला नाही. दोन गाड्या नमुन्यादाखल कॅम्पात नेऊन टाकल्या आणि डॉक्टरांनी तुमच्या त्या मुकादमांनाही घेऊन या म्हटलं म्हणून मी कासमभाईंना जीपमध्ये बसवून नेलं.

बंगल्याच्या आवारात डॉक्टर, त्यांची बायको, आर्किटेक्ट आणि दोन गवंडी उभे होते. हा तोच बंगला होता ज्याच्या राखणदारानं आम्हाला कधीकाळी आत घेतलं होतं. मी ते डॉक्टरांना सांगितलंही, सौद्याला ऊब येते अशा गोष्टींनी. ते खूश झाले. मग कासमभाईंकडं वळून म्हणाले, "काका, दगड तुम्ही बघितलाय ना? मुरलेला आहे ना?"

कासमभाईंनी ढिगातल्या एका चिऱ्यावर हातोडीचा टोला मारला. मग दुसऱ्यावर. मग ते माझ्याकडं बघून म्हणाले, "गंग्या, ह्यानं पाऊस बघितला नाय."

आर्किटेक्टबाईंनी मान वर केली. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मी हसून काहीतरी सारवासारव केली, हल्ली मशीनचा माल असतो, आतून कोरडाच निघतो वगैरे. पण डॉक्टरांचा चेहरा बंद झाला होता, आणि बंद झालेला चेहरा मला ओळखता येतो, माझा धंदाच तो आहे. "आम्ही जरा विचार करून कळवतो," ते म्हणाले. हे वाक्य आलं की सौदा मेला.

जीप कॅम्पातून बाहेर पडून एसटी स्टँडपर्यंत आली. स्टँडसमोर ब्रेक मारला आणि म्हणालो, "उतर."

ते माझ्याकडं बघत राहिले.

"उतर खाली. तुझी एसटी लागलेली आहे."

इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा तू म्हटलं. ते उतरले. दार हळूच लावलं, आपटलं नाही. त्या हळूच लावण्याचाही मला राग आला. पुढं हर्णैच्या फाट्यावर वळताना दाराच्या कप्प्यात काहीतरी खडखडलं. त्यांची हातोडी तिथंच राहिली होती.

ते परत खाणीवर आले नाहीत. मी बोलावलं नाही. हातोडी त्यांनी मागितली नाही, मी पाठवली नाही. मागितली असती तर दिली असती, एवढं माझं मन मी ओळखतो. पण त्यांनी मागायला हवी होती. मध्ये जीप विकली, दुसरी गाडी आली, हातोडी त्या कप्प्यातून या कप्प्यात गेली. वळणावर ती वाजायची. बायको म्हणायची, "ते लोखंड काढून टाका ना एकदाचं." मी म्हणायचो, "असू दे." वाजलं की मला सौदा आठवायचा आणि एखाद्या माणसाशी भांडायला जात असलो तर ते बरंच पडायचं...

आठ वर्षं अशी गेली. गेल्या दिवाळीनंतर शाहीनचा फोन आला. अब्बांना दम लागतो, गुडघे गेलेत, पण एकदा खाण बघायची म्हणतात, बॉक्साइटची. तिचा नवरा कुवेतला, गाडी करून नेणारं कोणी नाही. "मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते म्हटलं तर म्हणाले, गंग्याला विचार," ती म्हणाली. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. का गेलो ते लिहितो, कारण ते चांगुलपणानं नव्हतं. कॅम्पातल्या त्या डॉक्टरांनी पुढं दुसऱ्याकडून माल घेतला होता, तोही ताजाच. ती कंपाउंडची भिंत मी येता-जाता बघत होतो. आठ पावसाळे झाले, भिंतीला काही झालं नव्हतं. मला ती कासमभाईंना दाखवायची होती.

ते दारात खुर्ची टाकून बसले होते, स्वच्छ पांढरा सदरा, अंग अर्धं झालेलं. मी हात दिला, त्यांनी तो घेतला. "जाड झालास," म्हणाले. गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "खाण इथं वरच आहे, पण आधी जरा कॅम्पात जाऊ." उलटी वाट, तासाभराची. त्यांनी का ते विचारलं नाही. बेकरी अजून होती, खारी घेतली, पुड्यातून दोघांनी खाल्ली. वळणावर हातोडी वाजली. त्यांनी कप्प्याकडं पाहिलं आणि परत समोर पाहिलं.

बंगल्यापाशी गाडी लावली. भिंत मस्त उभी होती, वरून शेवाळ धरून काळपट झालेली, इंग्रजांच्या वेळची म्हटली तरी कोणी विश्वास ठेवावा अशी. "बघा," मी म्हणालो. "ताजा माल. ह्यानं पण पाऊस बघितला नव्हता. उभी आहे."

ते माझ्या खांद्याला धरून उतरले, भिंतीपाशी गेले आणि पेरांनी ठोकलं. दोन-तीन ठिकाणी. "उभी हाय," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? पडंल असं मी कधी म्हटलं? ह्यानं पाऊस बघितला नाय, येवढंच म्हटलं. डॉक्टरनं विचारलं, मी सांगितलं."

"मला आधी सांगायचं होतं. बाजूला घेऊन."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"आठ दिवस आधी. खाणीवर. तू चिंचेखाली उभा व्हतास, फोनवर बोलून झालं तुजं, तेव्हा. मी म्हटलं, गंग्या, हा माल यंदा देऊ नको, पाऊस दाखव. तू म्हणालास, अर्धा देऊ, अर्धा ठेवू."

मला ते आठवलं. आठ वर्षांत ते मला एकदाही आठवलं नव्हतं, आणि त्यांनी सांगताच चिंचेखालची सावली, फोन, त्यांचे कोळशानं काळे झालेले हात, सगळं लख्ख आठवलं. मी अर्धा-अर्धा म्हणालो होतो. ते त्यावर काही बोलले नव्हते. आणि मी ते सोडून दिलं होतं, कारण माझ्या धंद्यात आकडा टाकल्यावर जो गप्प बसतो त्यानं तो मान्य केलेला असतो. मी आयुष्यभर असेच सौदे केले आहेत. समोरचा गप्प बसला की मी हात पुढं करतो.

"तुम्ही गप्प बसलात," मी म्हणालो. "मला वाटलं, पटलं."

"बोलून झालं व्हतं म्हणून गप्प बसलो," ते म्हणाले. "तुला नाय म्हटलं की तुझ्यासाठी तिथनं बोलणं सुरू होतं. मला दोनदा बोलता येत नाय."

यावर माझ्याकडं उत्तर होतं. दोनदा बोलायला काय झालं असतं, एवढ्या मोठ्या ऑर्डरीसाठी दहा वेळा बोलले असते तर काय बिघडलं असतं, हे मी तेव्हाही म्हणू शकलो असतो आणि आजही म्हणतो. पण त्यांना उभं राहून दम लागला होता. मी त्यांना गाडीत बसवलं.

मग सड्यावर गेलो. बॉक्साइटची खाण आता खाण दिसत नाही. मोठमोठे खड्डे, त्यांत पावसाचं पाणी साठलेलं, कडेनं गवत पिवळं पडत आलेलं. आमचं ऑफिस होतं तिथं एक जोतं तेवढं शिल्लक. एका खड्ड्यात म्हशी डुंबत होत्या. कासमभाई जोत्यावर बसले. इथं तू ट्रक भरलास, इथं मुकादमाची टपरी, इथं अमक्याच्या पायावर दगड पडला, असं हातानं दाखवत राहिले. "तो तिसरा ट्रक आठवतो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "अडीचच होता." ते हसले आणि हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. खोकला थांबल्यावर पाण्याकडं बघत म्हणाले, "एक चुकलं माजं. परक्या माणसांसमोर गंग्या म्हणायला नको व्हतं. शेट म्हणायचं व्हतं. तोंडातनं गेलं."

मला एवढं अपेक्षित नव्हतं. मी माफीची वाट आठ वर्षं बघत होतो, पण ती सौद्याबद्दलची. आता ही आली आणि तिचं काय करायचं ते मला कळेना. तिला उत्तर म्हणून माझ्याकडं द्यायला एक गोष्ट होती, हे मला त्या क्षणीही समजत होतं. स्टँडसमोरचं 'उतर'. ते त्यांनी काढलं नाही. मी म्हणालो, "चला, ऊन वाढलं."

घराशी आलो तेव्हा गाडी त्यांच्या दारासमोर मी मुद्दाम हळू घेतली. दोन वाक्यं मनात जुळवत होतो, घासाघीस करावी तशी, कुठलं आधी टाकावं... तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. उतरतो मी." आणि उतरले. दार हळूच लावलं.

ती आमची शेवटची भेट. पुढं तीन महिन्यांनी तो फोन आला, आणि मी ती बोट चुकवली.

ते जाऊन चाळीस दिवस झाल्यावर मी परत केळशीला गेलो. हातोडी जुन्या टॉवेलात गुंडाळून नेली होती. शाहीननं बिनदुधाचा चहा दिला. हातोडी समोर ठेवली तशी ती ओळखीचं हसली आणि दांडा पदरानं पुसला. मी विचारलं, "कधी मागितली का नाही त्यांनी?"

"मी म्हणायची त्यांना, फोन करून मागा. तर म्हणायचे, मागितली तर तो तिचा पण भाव करील. आपणहून आणील तेव्हा ठेवून घे."

मी चहा संपवला. तिनं हातोडी खिडकीत ठेवली, त्यांच्या चष्म्याच्या डबीशेजारी. मला वाटलं होतं, ती म्हणेल, चाचा, तुमच्याकडेच असू द्या. ती म्हणाली नाही. बरोबरच केलं तिनं.

आता गाडी वळणावर वाजत नाही. आंबा घाटापासून दाभोळपर्यंत कुठल्याही वळणावर नाही. पहिल्या काही दिवसांत मी दोनदा गाडी थांबवून कप्पा उघडून पाहिला, काही राहिलं का म्हणून. दापोलीच्या खाणीवर कासमभाईंनी मागून घेतलेली जागा मध्यंतरी मी मशीन उभं करायला वापरत होतो. ती मोकळी केली आणि यंदाचा चिरा तिथं रचला. रेघ ओढायला अजून कोणी नाही. मी जातो तेव्हा पेरांनी ठोकून बघतो. आवाज मला अजूनही नीट कळत नाही. कधी वाटतं कळला, कधी वाटतं दगडच वाजला.

गेल्या आठवड्यात खेडचा एक बिल्डर आला. तरतरीत माणूस, ढिगाभोवती दोन फेऱ्या मारल्या, चिरा हातानं चाचपला, खूश झाला. "हा सगळा उचलतो," म्हणाला. मी सांगितलं, "हा यंदा द्यायचा नाही. ह्यानं पाऊस बघितलेला नाही." तो माझ्याकडं बघून डोळे बारीक करून हसला. "बरं, मग किती कमी करताय?" मी काही बोललो नाही. त्यानं एक आकडा टाकला. आकडा वाईट नव्हता. जवळचा एक चिरा होता, त्यावर मी पेरं आपटली आणि कान दिला. तो वाट बघत राहिला. मी गप्पच होतो. बोलून झालं होतं.

थोड्या वेळानं त्यानं समाधानानं हात पुढं केला.

"मग गाड्या उद्या लावू ना, शेट?"